आंतिग्वाची कौलं : ग्वाटेमालातले पाच दिवस

पहिला दिवस

दुपारी अडीचच्या सुमारास ग्वाटेमाला सिटीच्या विमानतळावर उतरलो. तिथून आंतिग्वा जेमतेम ४० किलोमीटर, पण राजधानीच्या गर्दीतून बाहेर पडायलाच तास गेला. मग घाट लागला, पाइनची झाडं आली आणि उतार संपता संपता गाडी एकदम खडखडायला लागली. डांबर संपून दगडी फरसबंदी सुरू झाली होती. "आलं बघ गाव," दादा म्हणाला.

दादा ह्यूस्टनला असतो, मी पुण्यात. या प्रवासाचं आमचं दोन वर्षं चाललं होतं. मला कौलारू छपरांचे फोटो काढायचे होते आणि त्याला माझ्याबरोबर यायचं होतं, इतकं साधं कारण. राजापूरजवळच्या आमच्या घरावर नळीची कौलं होती. दर मे महिन्यात आजोबा कौलं परतायला वर चढत, दादाला हाताखाली घेत, आणि मी अंगणात उभी राहून खालून एकेक कौल वर देत असे. पोरींनी छपरावर चढायचं नाही, असा घरातला नियम. बारा वर्षांपूर्वी ते घर पाडून तिथे स्लॅबचं बांधलं. त्या छपराचा एकही धड फोटो आमच्यापाशी नाही. मुंजीच्या, लग्नाच्या फोटोंत मागे कुठे वळचण दिसते, तेवढीच. तेव्हापासून मी कॅमेरा घेऊन कौलं शोधत हिंडते. कोकण झालं, गोव्यातलं फोंताइन्हास झालं. मग कुणीतरी टेकडीवरून काढलेला आंतिग्वाचा एक फोटो पाहिला. खाली सगळी लाल छपरं आणि मागे ज्वालामुखी. तो फोटो डोक्यातून जाईना.

खोलीवर सामान टाकून लगेच बाहेर पडलो, तर गल्लीतून छपरं दिसतच नाहीत. दोन्ही बाजूंना लांबच लांब भिंती. पिवळी, गेरूसारखी लाल, निळी, पांढरी. रंगाला रंग लागून एकसलग. मध्येच एखादा अवजड लाकडी दरवाजा, एखादी रस्त्यावर पुढे आलेली गजांची खिडकी. कोपऱ्यावरच्या घरांना तर बरोबर काटकोनातच खिडकी असते, मध्ये एक दगडी खांब आणि दोन्ही रस्त्यांकडे गज. बहुतेक घरं एकमजली. छपराचा उतार आत चौकाकडे, त्यामुळे रस्त्यावर फक्त कडेच्या कौलांची एक ओळ डोकावते. दरवाजा अर्धवट उघडा असला की आतलं दिसतं: चौक, मध्ये पाण्याचा हौद किंवा कारंजं, भोवती खांबांची ओसरी, बोगनवेल. आपल्या वाड्याचीच रीत. रस्त्याला पाठ आणि आकाशाला तोंड.

आमच्या मुक्कामाच्या घराला वर एक छोटी गच्ची होती. मालकीणबाई साठीच्या पुढच्या. संध्याकाळी त्यांनी आम्हाला वर नेलं, पश्चिमेकडे बोट केलं आणि थांबा म्हणून हाताने खूण केली. आकातेनांगो आणि फुएगो हे दोन ज्वालामुखी डोंगर एकमेकांना लागून काळे उभे होते. पाच-सात मिनिटं काहीच नाही. आणि मग फुएगोच्या शेंड्यावर एक लाल ठिपका फुलला, पसरला, उतारावरून ओघळला. आवाज नंतर आला, लांब कुठेतरी मेघगर्जना व्हावी तसा. मालकीणबाईंच्या चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. हाच डोंगर ३ जून २०१८ ला असा उसळला की पायथ्याची वस्ती गाडली गेली आणि शेकडो माणसं गेली. ते त्यांनी त्या रात्री सांगितलं नाही, दुसऱ्या दिवशी सांगितलं.

ट्रायपॉड लावून १५ सेकंदांचे एक्स्पोजर घेत बसले. पुढे शेजारच्या छपराची काळी कडा, मागे लाल फवारा. चौदा फ्रेम फुकट गेल्या, पंधराव्या फ्रेममध्ये तो सापडला.

दुसरा दिवस

उजाडताना सेर्रो दे ला क्रूसला. गावाच्या उत्तरेची ही टेकडी, वर मोठा दगडी क्रूस. पायऱ्यांनी चढायला अर्धा तासही लागत नाही. धावायला आलेले दोन-तीन गावकरी आणि एक पोलीस सोडला तर वर कोणी नव्हतं.

खाली अख्खं गाव. समोर दक्षिणेला आग्वा ज्वालामुखी, ३,७६० मीटर, इतका सरळ आणि इतका जवळ की मान वर करावी लागते. आग्वा म्हणजे पाणी. नावामागची हकीकत भयानक आहे. स्पॅनिशांची आधीची राजधानी याच डोंगराच्या पायथ्याशी होती. सप्टेंबर १५४१ मध्ये मुसळधार पावसानंतर डोंगरावरून चिखल-पाण्याचा लोंढा आला आणि ते गाव वाहून गेलं. ग्वाटेमाला जिंकणाऱ्या स्पॅनिश सरदाराची, पेद्रो दे आल्वारादोची, विधवा बेआत्रिस दे ला कुएवा दोनच दिवसांपूर्वी गव्हर्नर झाली होती, ती त्यात मेली. मग १५४३ मध्ये इथे, पांचोयच्या खोऱ्यात, नवी राजधानी आखली. सरळ रेषेत रस्ते, मध्ये चौक. उत्तर-दक्षिण जाणाऱ्या त्या आवेनिदा, पूर्व-पश्चिम जाणाऱ्या त्या काये. टेकडीवरून ती चौकट अजून जशीच्या तशी दिसते.

सूर्य डावीकडून वर आला आणि ज्यासाठी आले होते ते सुरू झालं. नळीच्या कौलाची खरी गंमत तिरप्या उन्हात असते. एक कौल उताणं, त्यावर दुसरं पालथं, अशा ओळी आढ्यापासून वळचणीपर्यंत. ऊन आडवं आलं की पालथ्या कौलांच्या पाठी उजळतात आणि मधल्या पन्हळींत सावली भरते. छप्पर नांगरलेल्या शेतासारखं दिसायला लागतं. त्यात इथली घरं चौकाभोवती, म्हणजे प्रत्येक घराला चार दिशांना चार पाखी. एक पाखं उन्हात, समोरचं सावलीत. ७०-२०० ची लेन्स पूर्ण २०० वर नेली की मधलं अंतर मिटतं आणि छपरावर छप्पर चढलेलं दिसतं. हा खेळ पाऊण तास चालतो. ऊन वर चढलं की सगळं सपाट.

"त्या काळ्या टाक्या काप ना फ्रेममधून," दादा मागून म्हणाला. छपरांवर पाण्याच्या टाक्या आहेत, वाळत घातलेले कपडे आहेत, मध्येच गंजका पत्रा आहे, गच्चीवरून भुंकणारी कुत्री आहेत. मी काही कापलं नाही. पत्रा का आला, तेही त्या छपराच्या गोष्टीतच येतं. आमच्या घरीसुद्धा वानरांनी कौलं फोडली की आजोबा मागच्या पडवीवर पत्राच टाकायचे.

साडेनऊला आग्वाच्या डोक्यावर ढगाची टोपी बसली ती दिवसभर निघाली नाही. इथे फोटो काढायला येणाऱ्याने हे आधीच ध्यानात ठेवावं: डोंगर हवा असेल तर पहाटे उठावं, दहाला त्याची आशा सोडावी.

दुपारी मध्यवर्ती चौकात. उत्तरेला १७४३ ची नगरपालिकेची इमारत, खाली-वर दोन्ही मजल्यांवर जाड खांबांच्या कमानी. वरच्या सज्जात जाता येतं. तिथल्या कमानीतून चौकातली झाडं आणि पलीकडचा कॅप्टन-जनरलांचा, म्हणजे स्पॅनिश गव्हर्नरांचा, वाडा एकात एक बसतात. सज्जाचे खांब मी कवेत घेऊन पाहिले, हात एकमेकांना पोचले नाहीत. मधलं कारंजं दिएगो दे पोर्रेस या वास्तुकाराने केलेलं. हा माणूस लक्षात ठेवा, पुढे पुन्हा येणार आहे.

रात्री चहा टाकताना वहिनीने दिलेला मसाला काढला. मालकीणबाईंनी वास घेतला आणि ओळखलं: कार्दामोमो! जगात सगळ्यांत जास्त वेलदोडा निर्यात होतो तो यांच्या देशातून. कोबानकडच्या डोंगरांत पिकतो आणि जवळजवळ सगळा बाहेर जातो, इथे कोणी खात नाही. आपल्या घाटातलं हे झाड इतक्या लांब येऊन रुजलं आणि त्यांनी त्याचा चहा पहिल्यांदा माझ्या हातचा प्यायला. दोन कप प्यायल्या.

तिसरा दिवस

सकाळी सहाला सांता कातालिनाची कमान. गावातला सगळ्यांत जास्त फोटो निघालेला कोपरा हाच, त्यामुळे मला फारसं काही नवं करायचं नव्हतं. पिवळी कमान, वर घड्याळ, कमानीतून बरोबर समोर आग्वा. ती बांधली मठातल्या जोगिणींसाठी, म्हणजे ननसाठी. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मठ पसरला, आणि बाहेरच्या माणसांच्या नजरेला न पडता त्यांना पलीकडे जाता यावं म्हणून कमानीच्या पोटातून बोळ काढला. घड्याळ बऱ्याच नंतरचं, १९ व्या शतकातलं. पाच फ्रेम घेतल्या आणि निघालो.

दिवसाचा खरा वेळ गेला जुन्या कॅथेड्रलच्या भग्नावशेषांत. चौकाकडून पाहिलं तर पांढरं शुभ्र, धड चर्च दिसतं. ते मूळ कॅथेड्रलचं फक्त तोंड. मागच्या बाजूने आत गेलं की छप्परच नाही. विटांच्या प्रचंड खांबांवर कमानी तोलून उभ्या आहेत, त्यांच्या मध्ये जिथे घुमट होते तिथे गोल भोकं आहेत आणि त्यांतून निळं आकाश. कमानींच्या काठावर गवत उगवलेलं. मी जमिनीवर उताणी झोपले आणि वर लेन्स धरली. डोळ्यांच्या वर एक निळं वर्तुळ, त्याच्या चार कोपऱ्यांत चुन्यात घडवलेले देवदूत अजून पंख पसरून. ज्या घुमटाला त्यांनी तोलायचं तो अडीचशे वर्षांपूर्वी खाली आला, हे मात्र तिथेच राहिले. त्यांतल्या एकाच्या पंखाखाली पाकोळीने घरटं केलं होतं, ती ये-जा करत होती.

तो मोठा भूकंप झाला २९ जुलै १७७३ ला, सांता मार्ताच्या दिवशी. त्याआधी १७१७ आणि १७५१ मध्येही हे गाव हादरलं होतं आणि प्रत्येक वेळी पुन्हा उभं राहिलं होतं. या वेळी वाद पेटला. गव्हर्नर मार्तिन दे मायोर्गाचं म्हणणं, राजधानी इथून हलवायची. आर्चबिशप कोर्तेस इ लार्रास हटून बसला, की हलायचं नाही. शेवटी राजाने हुकूम काढला आणि १७७६ मध्ये राजधानी आजच्या ग्वाटेमाला सिटीत गेली. लोकांना गाव सोडायला सांगितलं, चर्चमधल्या मूर्ती, घंटा, लाकूडसामान नव्या राजधानीकडे गेलं. तरी काही घरं राहिलीच. जुनं सांतियागो नाव मागे पडलं आणि गाव आंतिग्वा झालं, म्हणजे जुनी.

आपण आज जे पाहतो ते त्या मागे राहिलेल्यांमुळे आहे. नवं, उंच बांधायला कोणाकडे पैसे नव्हते, म्हणून जुन्याच भिंती डागडुजी करून वापरल्या आणि तीच कौलं पुन्हा चढवली. पुढे कॉफी आली तेव्हा थोडा पैसा आला. १९६९ मध्ये गावाच्या संरक्षणाचा कायदा झाला, १९७९ मध्ये युनेस्कोच्या यादीत नाव गेलं. मधल्या ४ फेब्रुवारी १९७६ च्या भूकंपाने पुन्हा पडझड केली, देशभरात २३,००० च्या आसपास माणसं मेली. मालकीणबाई तेव्हा शाळेत होत्या. त्या रात्री पहाटे तीनला त्यांच्या घराची कौलं सगळी चौकात येऊन पडली, भिंती मात्र उभ्या राहिल्या. वडिलांनी धड राहिलेली कौलं निवडून ओसरीपुरतं छप्पर केलं आणि त्याखाली सगळे झोपले. आमच्या खोलीवर त्यांतलीच काही कौलं आहेत, असं त्या म्हणाल्या. तेव्हापासून खोलीत शिरताना माझी नजर आधी वर जाते.

दुपारी ला मेर्सेद. हे चर्च १७६७ मध्ये पुरं झालं आणि सहा वर्षांनी आलेल्या त्या भूकंपात टिकलं. समोर उभं राहिलं की का टिकलं ते कळतं. दोन्ही मनोरे बुटके, रुंद, पाय रोवून बसलेल्या पैलवानांसारखे. जमीन हलणार हे धरूनच बांधलं आहे. उंची कमी, भिंती जाड, खिडक्या लहान. इथल्या कारागिरांनी भूकंपातून हे शिकून घेतलं, आणि उंचीची हौस मग नक्षीत भागवली. पिवळ्या भिंतीवर पांढऱ्या चुन्याच्या वेली, पानं, द्राक्षं इतकी दाट की लग्नातल्या चौरंगावरची रांगोळी उभी करून ठेवल्यासारखी. पांढरं उन्हात जळून जातं, म्हणून एक्स्पोजर पाऊण स्टॉप खाली ठेवलं.

शेजारच्या मठाच्या भग्नावशेषांत २७ मीटर व्यासाचं कारंजं आहे. मठाच्या वरच्या मजल्याला आता छप्पर नाही, तो मोकळाच आहे, तिथून चर्चचे घुमट हाताच्या अंतरावर येतात. मला इथून हलवायला दादाला दोनदा हाक मारावी लागली.

चौथा दिवस

कापुचिनास जोगिणींचा मठ, १७३६ चा, दिएगो दे पोर्रेसचा. या मठात हुंडा न देता मुलीला प्रवेश मिळे, त्यामुळे गरिबाघरच्या मुली इथे येत. खांब इतके बुटके आणि जाड की ओसरीतून चालताना आपणच उंच झाल्यासारखं वाटतं. मागच्या बाजूला एक गोल इमारत आहे: मध्ये उघडा गोल चौक, भोवती १८ खोल्या. खोलीत एका माणसापुरती जागा, भिंतीत कोनाडा. कोनाड्यात कोपर टेकवून बाहेर पाहिलं, समोर आकाशाचा एक गोल तुकडा. बाहेर न पडणाऱ्या मुलींना एवढंच आकाश वाट्याला. आपल्या कितीतरी आज्यांनी असंच माजघरातून चौकाचं आकाश पाहिलं. मी बराच वेळ फोटो न काढता बसले.

दुपारी कासा पोपेनो. इथे आधी कळवून जावं लागतं. १७ व्या शतकातलं हे घर पडायला आलं होतं, ते १९३० च्या सुमारास डोरोथी आणि विल्सन पोपेनो या जोडप्याने घेतलं आणि जुन्या पद्धतीनेच दुरुस्त केलं. विल्सन वनस्पतितज्ज्ञ, अवोकाडोच्या जाती शोधत मध्य अमेरिकेत हिंडलेला. (आंतिग्वाकरांना बाकीचे लोक हिरव्या पोटाचे म्हणतात, इतका अवोकाडो खातात म्हणून.)

मला तिथलं स्वयंपाकघर दाखवायचं आहे. भिंतीला लागून विटांचे ओटे, त्यांत चुली, आणि वर विटांचा घुमट, शेंड्याला धूर जायला वाट. भिंतीच्या विटा धुराने काळ्या, हात लावला तर अजून गुळगुळीत. मग अरुंद जिन्याने छपरावर गेलो आणि तोच घुमट बाहेरून पाहिला. शेंड्यावर चार छोटे खांब, त्यांवर इवलंसं छप्पर, बाजूंनी मोकळं. गेले तीन दिवस लांबच्या लेन्समधून मी ही बांधकामं टिपत होते, कोणाच्या कौलांमधून वर आलेली, पांढरी, कुणाची गेरूच्या रंगाची, आणि ती काय आहेत ते कळत नव्हतं. मला ती तुळशीवृंदावनासारखी दिसत होती. प्रत्येक घराच्या छपरावर एक वृंदावन. ती चुलीची धुराडी निघाली.

दादा म्हणाला, "आपल्याकडे धूर कौलांच्या फटींतूनच जायचा. सकाळी सगळं छप्पर वाफाळायचं."

"मला कसं माहीत असणार? तू वर असायचास."

तो काही बोलला नाही. माझी बॅग त्याने खांद्याला लावली आणि म्हणाला, "जा, त्या टोकापर्यंत जा. मी इथे धरून उभा आहे."

त्या धुराड्याचे मी चाळीसेक फोटो काढले. जकारंदाला बहर होता, मागच्या झाडावरून जांभळी फुलं कौलांच्या पन्हळीत पडली होती. माझ्या आवडीचा या प्रवासातला फोटो तोच: पन्हळीत पाच फुलं, मागे धुराडं, त्याच्या मागे अस्पष्ट ज्वालामुखी.

पाचवा दिवस

विमान दुपारचं. सकाळी कॅमेरा न घेता फिरायचं ठरवलं होतं, पण घेतलाच.

गावाच्या पूर्वेला एका गल्लीत कौलं उतरवून भिंतीला लावून ठेवलेली दिसली. वर एक म्हातारा आणि एक तरुण. कौलाला इथे तेहा म्हणतात, एवढा शब्द मी शिकले होते. म्हाताऱ्याने डाव्या तळहातावर कौल धरलं, उजव्या हाताच्या बोटाच्या पेराने त्यावर टिचकी मारली, कान लावला आणि बाजूला ठेवलं. दुसरं घेतलं, टिचकी, तेही बाजूला. तिसरं फेकून दिलं.

दादाने माझ्याकडे पाहिलं. आजोबा हेच करत. धड कौल खणकन वाजतं. केसाएवढी चीर असली तरी आवाज बद्द येतो, आणि ती चीर डोळ्यांना दिसत नाही. पुढे पावसात त्याच ठिकाणी गळतं आणि वाशाला वाळवी लागते.

मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये दादाने विचारलं, एवढ्या लवकर का काढलं काम? म्हातारा म्हणाला, मे महिन्यात पाऊस सुरू होतो, त्याआधी पुरं व्हायला हवं. आमच्याकडे जूनमध्ये, दादाने सांगितलं, आम्ही मेमध्ये करतो. म्हाताऱ्याने मान हलवली, बरोबर आहे अशी.

खालच्या ढिगातून एक कौल उचलून मी टिचकी मारली. खणकन वाजलं. शिडीच्या दोन पायऱ्या चढून ते वर दिलं. त्याने ते घेतलं, माझ्यासमोर पुन्हा एकदा स्वतः वाजवून पाहिलं, ओळीत पालथं घातलं आणि पुढच्यासाठी हात खाली केला. आम्ही दोघांनी मिळून त्याला पाऊण तास कौलं दिली. हात गेरूसारखे लाल झाले, ते विमानतळावर धुतले.